कर्नल कुठे बोलतो?

"मॅडम, मेसेज खंय गेलो?"

जुलैतला रविवार होता. पेडण्यातल्या त्या छोट्या खोलीत पाच मुलं, पाच लॅपटॉप आणि दाराशी निथळणाऱ्या छत्र्या. कौलांवर पाऊस असा कोसळत होता की प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं. मोरजीहून बसने येणाऱ्या एका मुलीने आयुष्यातलं पहिलं कर्नल मॉड्यूल लिहिलं होतं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा कोडचा तुकडा. वीसेक ओळी. आत शिरताना एक नमस्कार छापायचा आणि बाहेर पडताना निरोप घ्यायचा, एवढंच त्याचं काम. कंपाइल झालं, एकही एरर नाही. तिने मॉड्यूल चढवणारी आज्ञा, सुडो इन्समॉड, लिहून एंटर दाबलं आणि टर्मिनलने काही न बोलता पुढची रिकामी ओळ समोर ठेवली.

तिने मॉड्यूल काढलं, परत घातलं. परत तेच. एलएसमॉड करून पाहिलं तर मॉड्यूल यादीत हजर. एरवी माझ्याशी मराठीत बोलणारी ही मुलगी गोंधळली की कोकणीवर येते. मेसेज गेला कुठे, एवढंच तिला हवं होतं.

शेजारच्या मुलाने लगेच सांगितलं, "डीमेसेज कर." म्हणजे कर्नलचे मेसेज दाखवणारी आज्ञा चालव. तिने केलं. खालून दुसऱ्या ओळीत तिचा नमस्कार होता, आणि त्याच्या जरा वर कर्नलची स्वतःची तक्रार: बाहेरचं मॉड्यूल चढवल्यामुळे कर्नलला डाग लागला आहे. मुलं हसली, पुढच्या उदाहरणाकडे वळली. मला मात्र पुढे जाता येईना. ‘डीमेसेज कर’ हे सांगणं चुकीचं नव्हतं. पण तिने मेसेज गेला कुठे असं विचारलं होतं, आणि तिला तो सापडतो कुठे हे सांगितलं गेलं. या दोन्हींमधलं अंतर कापायला मला एकदा तीन रात्री लागल्या होत्या.

आमचं घर पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठच्या खाजनाला लागून. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतजमीन. बांधाला जिथे तोंड ठेवलेलं असतं तिथे मानस असते, म्हणजे चिऱ्यांच्या चौकटीत बसवलेली लाकडी दारं. भरती चढली की नदीच्या पाण्याच्या रेट्याने ही दारं आपसूक मिटतात. सुकतीला आतलं पाणी बाहेर रेटा देतं आणि ती उघडतात. माझे आजोबा कितीतरी वर्षं आमच्या मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, घ्यायचे. मानशीतल्या मासळीवर त्यांचा हक्क आणि दारं शाबूत ठेवण्याची जबाबदारीही त्यांचीच. पावसाळ्यात आजोबा रात्रीतून दोनदा उठून बांधावर जायचे. दारात काठी अडकून फट राहिली तर खारं पाणी आत येतं. आमच्याकडचं कोरगुट भात थोडा खार सोसतं, पण शेतात खाडी भरली तर तेही हात टेकतं.

आता त्या मानशीकडे काका बघतात. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. मध्यरात्री, निसरड्या बांधावरून, बॅटरीच्या उजेडात त्यांना जावं लागू नये म्हणून मी पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसवायचं ठरवलं. रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक-बोर्ड, एचसी-एसआर०४ नावाचा स्वस्त सेन्सर, पाणी शिरणार नाही असा डबा. सेन्सर वरून पाण्याकडे आवाजाची लहर सोडतो, ती परत यायला किती वेळ लागला ते आपण मोजायचं, त्यावरून अंतर. अशा सेन्सरांसाठी कर्नलमध्ये तयार ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर चालवणारा कोड, आहे. मला तो स्वतः लिहायचा होता. मानशीवर बसणाऱ्या वस्तूचा स्क्रू न् स्क्रू मला ठाऊक असावा, असं तेव्हा वाटत होतं. अजूनही वाटतं.

पहिल्या रात्री ड्रायव्हर चढला, पण अंतराचा आकडा येईना. चूक शोधता यावी म्हणून मी कोडमध्ये सहा ठिकाणी डीबग मेसेज पेरले होते: लहर सोडली, पिन वर गेली, पिन खाली आली, वगैरे. एसएसएचच्या, म्हणजे लॅपटॉपवरून बोर्डाशी जोडलेल्या, खिडकीत त्यातला एकही नाही. मी डीमेसेज केलं. तिथेही नाही. मग मी अगदी सरळ निष्कर्ष काढला: मेसेज नाही म्हणजे कोड तिथवर पोचतच नाही. दुसरी रात्र मी त्या न पोचण्याचं कारण शोधण्यात घालवली. अर्धा ड्रायव्हर पुन्हा लिहिला. तारा बदलल्या. सेन्सर बदलला. आईने रात्री दीडला येऊन कोरा चहा ठेवला आणि काही न विचारता गेली.

तिसऱ्या रात्री कुठेतरी वाचलं की कर्नलच्या मेसेजांना पातळ्या असतात आणि डीबगची पातळी दाखवली जात नाही. वाटलं, सापडलं. पातळी वाढवली, बोर्डाला टीव्ही जोडला, परत ड्रायव्हर चढवला. काहीच नाही.

मी अर्धवट खऱ्या गोष्टींच्या मागे धावत होते. कर्नल बोलतो म्हणजे नेमकं काय होतं, याचं सलग चित्र माझ्याकडे नव्हतं. ते आधी मांडते, मग त्या तिसऱ्या रात्रीकडे परत येईन.

आपण साधा प्रोग्राम लिहितो तेव्हा त्याचं बोलणं जिथून त्याला चालवलं त्या खिडकीत येतं. याची इतकी सवय होते की तो नियमच वाटू लागतो. कर्नलला मात्र कोणी खिडकीतून चालवलेलं नसतं. कुठलीही खिडकी उघडण्याच्या आधीपासून तो चालू असतो. इन्समॉड हा माझा प्रोग्राम, त्याचं बोलणं माझ्या खिडकीत येईल. पण त्याने मॉड्यूल कर्नलच्या स्वाधीन केलं की ते मॉड्यूल माझं राहत नाही, ते कर्नलचा भाग होतं. ‘मेसेज खंय गेलो’ याच्या उत्तराची सुरुवात इथे आहे: तो तुझ्या खिडकीकडे निघालाच नव्हता.

कर्नलमध्ये बोलण्याचं फंक्शन प्रिंटके. त्यातला ‘के’ कर्नलचा. प्रिंटके मेसेज घेतं आणि सगळ्यात आधी मेमरीतल्या एका गोल बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं. गोल म्हणजे भरला की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहायचं. त्याचा आकार कर्नल बांधताना ठरतो. मूळ ठरलेला आकार १२८ केबी, आणि बूट करताना, म्हणजे यंत्र सुरू करताना, तो वाढवूनही मागता येतो. प्रत्येक मेसेजसोबत तीन गोष्टी जातात: त्याची पातळी, त्याचा अनुक्रमांक आणि वेळ. ही वेळ घड्याळातली नसते, कर्नल सुरू झाल्यापासूनचे सेकंद असतात, दशांश चिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत. माझ्या रास्पबेरी पायवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर बोर्डाला तारीखही धड माहीत नसते. तिथे हे सुरुवातीपासूनचे सेकंदच भरवशाचे. डीमेसेजला सांगितलं तर ते त्या सेकंदांची तारीख-वेळ करून देतं, पण मध्ये लॅपटॉप झोपून उठला असेल तर तो हिशेब चुकतो. मी ती सोय वापरत नाही.

मेसेज त्या बफरमध्ये गेला की बोलण्याचं काम झालं. पुढे तो कोणाला दिसतो, हा स्वतंत्र व्यवहार. डीमेसेज येतं, बफर वाचतं, निघून जातं. सिस्टमडी या यंत्रातल्या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं जर्नल सतत वाचत बसतं आणि आपल्या नोंदवहीत उतरवून ठेवतं. डेबियनच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये आरसिस्लॉग हा नोंदी ठेवणारा प्रोग्राम असेल तर तो ‘कर्न.लॉग’ नावाच्या फाइलमध्ये लिहितो, रेडहॅटच्या घराण्यात ‘मेसेजेस’ नावाच्या फाइलमध्ये. आणि कन्सोल. पातळ्यांचा जो दरवाजा मी तिसऱ्या रात्री उघडत बसले होते तो फक्त या कन्सोलच्या तोंडाशी आहे. बफरच्या तोंडाशी तसला दरवाजा नाही. हे एक वाक्य मला कोणी पहिल्या रात्री सांगितलं असतं तर पुढच्या दोन रात्री मी झोपले असते.

मानशीकडे पाहत मोठी झाल्यामुळे असेल, मला ते चित्र तसंच दिसतं. पाऊस पडतो, बांधाच्या आत पाणी साठतं. मानशीचं दार उघडं आहे की मिटलेलं, यावर पाणी बाहेर किती दिसेल ते ठरतं. आत किती साठलं ते ठरत नाही.

पातळ्या आठ, ० ते ७. शून्य म्हणजे यंत्र आता टिकत नाही अशी आणीबाणी. ३ म्हणजे चूक, ४ इशारा, ६ साधी माहिती, ७ डीबग. आकडा जितका लहान तितकं प्रकरण गंभीर. ही उतरंड लिनक्सची नाही. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रामच्या कामात सिस्लॉग ही नोंदी ठेवण्याची व्यवस्था लिहिली, तिथून ती आली. लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या कर्नलची पहिली घोषणा केली ती २५ ऑगस्ट १९९१ ला, म्हणजे उतरंड कर्नलहून जुनी.

प्रॉक-सिस-कर्नल या डिरेक्टरीत प्रिंटके नावाची एक फाइल आहे. ती उघडली की चार आकडे दिसतात, एका ओळीत, शेजारी काही खुलासा नाही. माझ्या मते लिनक्समधल्या सगळ्यात महत्त्वाच्या आणि सगळ्यात मुक्या ओळींपैकी ही एक. पहिला आकडा कन्सोलची सध्याची पातळी. दुसरा, पातळी न सांगता छापलेल्या मेसेजला कोणती लावायची ती. तिसरा, कन्सोलची पातळी कमीत कमी किती खाली आणता येईल. चौथा, बूट होतानाची मूळ पातळी. नियम असा की मेसेजची पातळी पहिल्या आकड्यापेक्षा लहान असेल तरच तो कन्सोलवर जातो. लहान, बरोबर नव्हे. म्हणून पहिला आकडा ७ असला तरी डीबगचा मेसेज कन्सोलवर येत नाही. त्यासाठी ८ लागतो. आणि बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये, ‘क्वायट’ हा शब्द असला की तो आकडा ४ वर येतो. बहुतेक डेस्कटॉप लिनक्समध्ये हा शब्द आधीच लिहिलेला असतो, सुरू होताना पडदा सुंदर दिसावा म्हणून. शिकणाऱ्या मुलांच्या यंत्रांवरून मी तो शब्द पहिल्याच दिवशी काढायला लावते. ओळींचा तो धबधबा त्यांनी एकदा तरी पाहावा.

आता कन्सोल म्हणजे काय, यात बहुतेक जण अडखळतात. आपण ज्याला टर्मिनल म्हणतो ती डेस्कटॉपवरची खिडकी, किंवा एसएसएचची, हे टर्मिनलचं सोंग घेतलेले प्रोग्राम आहेत. कर्नल त्यांना कन्सोल मानत नाही. कन्सोल म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबल्यावर येणारा तो काळा पडदा, किंवा तारेवरून अक्षरामागून अक्षर पाठवणारा सिरियल पोर्ट, किंवा नेटवर्कवरून मेसेज पाठवणारं नेटकन्सोल. बूटच्या ओळीत एकापेक्षा जास्त कन्सोल लिहिता येतात. त्यातला शेवटचा तेवढा खरा, असा एक समज आहे. शेवटच्याला लॉगिन वगैरेंसाठी मान मिळतो हे खरं, पण कर्नलचे मेसेज नोंदलेल्या सगळ्या कन्सोलवर जातात.

मग कधीकधी ‘मेसेज फ्रॉम सिस्लॉगडी’ असं काहीतरी आपल्या साध्या खिडकीत येऊन आदळतं, ते कसं? तो कर्नल नसतो. आणीबाणीच्या पातळीचा मेसेज वाचून सिस्लॉग स्वतः प्रत्येक लॉगिन केलेल्या माणसाच्या खिडकीवर ओरडून जातो. गावात आग लागली की एखादा पोरगा दारोदार पळत सुटतो, तसा.

परत तिसऱ्या रात्रीकडे. पहाटेचे तीन वाजले असतील. टीव्हीवर काळा पडदा, पातळी ८, आणि शांतता. मी वैतागून सहापैकी एका मेसेजचं फंक्शन बदललं: पीआर-डीबगच्या जागी पीआर-इन्फो. चढवलं. ओळ आली. टीव्हीवर आली, डीमेसेजमध्ये आली. कोड तिथे पोचत होता, पहिल्या रात्रीपासून पोचत होता.

पीआर-डीबग हे इतर भावंडांसारखं नाही. बाकीचे बहुतेक सगळे प्रिंटकेला हाक मारतात आणि बोलतात. पीआर-डीबग मात्र फाइलच्या वरच्या टोकाला ‘डीबग’ ही व्याख्या नसेल आणि कर्नल डायनॅमिक डीबग या सोयीशिवाय (ती पुढे सांगते) बांधलेला असेल, तर कंपाइलर ते काढूनच टाकतो. मेसेज कुठे हरवलेला नसतो. तो जन्मलेलाच नसतो. माझ्या सहा ओळी त्या मॉड्यूलमध्ये नव्हत्याच, आणि मी त्यांची वाट बघत दोन रात्री बसले होते. फाइलच्या पहिल्या ओळीत ती व्याख्या टाकली आणि सहाही मेसेज आले. चूक पिनच्या क्रमांकात होती. चार मिनिटांत दुरुस्त झाली.

त्या पहाटे मला राग आला नाही. घाबरले मी. न दिसलेल्या गोष्टीला मी न घडलेली ठरवलं होतं आणि त्या भरवशावर चांगला कोड मोडून टाकला होता. मानशीवर बसणाऱ्या यंत्रात अशी चूक म्हणजे काय, हे मला आजोबांमुळे नीट ठाऊक होतं.

पेडण्याच्या त्या खोलीत मी मुलांना थांबवलं आणि हे सगळं सांगितलं. मग मोरजीच्या मुलीच्या लॅपटॉपवर डायनॅमिक डीबग उघडलं, कारण तिचा कर्नल ते घेऊन बांधलेला होता. यात पीआर-डीबग कंपाइलरने टाकून दिलेलं नसतं, झोपवून ठेवलेलं असतं. एक कंट्रोल फाइल असते. ती उघडली की कर्नलमधल्या प्रत्येक झोपलेल्या मेसेजची नोंद समोर येते: कुठली फाइल, कितवी ओळ, कुठलं मॉड्यूल, कुठलं फंक्शन, काय बोलणार आहे. हजारो ओळी सरकत गेल्या. त्याच फाइलमध्ये ‘मॉड्यूल’ हा शब्द, मॉड्यूलचं नाव आणि पुढे अधिक-पी एवढं लिहिलं की त्या मॉड्यूलचे मेसेज जागे होतात, वजा-पी लिहिलं की परत झोपतात. यंत्र बंद न करता, काही परत न बांधता. तिने आधी स्वतःचं मॉड्यूल जागं केलं. मग यूएसबीचं. पेनड्राइव्ह लावला आणि ओळींचा लोंढा आला. "हे सगळं रोज घडतं?" तिने विचारलं. यावेळी मराठीत.

त्याच दिवशी आणखी एक गंमत निघाली, ती सांगायलाच हवी. एका मुलाचा नमस्कार मॉड्यूल चढवताना दिसायचा नाही, काढताना दिसायचा, निरोपाच्या लगेच आधी. मेसेजच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह राहिलं होतं. चिन्ह नसेल तर कर्नल समजतो की वाक्य अजून चालू आहे, आणि पुढचा मेसेज येईपर्यंत ते उघडं ठेवतो. डीबग करताना ही चूक फार फसवते, कारण मेसेज येतो, पण दुसऱ्याच घटनेच्या वेळी येतो.

मानशीच्या यंत्राची गोष्ट पिनच्या क्रमांकावर संपली नाही. जूनच्या शेवटी ड्रायव्हर अधूनमधून बोर्ड गोठवायला लागला. परत आलेल्या लहरीची वाट पाहणाऱ्या लूपला मी कालमर्यादा घातली नव्हती. पाण्यावर केरकचरा तरंगत आला आणि लहर परत फिरलीच नाही की कर्नल तिथेच उभा. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की बोर्ड थिजला आहे, आणि वीज काढून परत लावली की बफर कोरा. तो बफर मेमरीत असतो. वीज गेली की गेला. जर्नलला मागच्या बूटचे मेसेज विचारता येतात, पण तिथे शेवटची काही मिनिटं नसायची. जर्नल साध्या मेसेजांना दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्कं करतं, फक्त फार गंभीर पातळीचे लगेच. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट पाच मिनिटांची वाट पाहत नाही, आणि गोठलेला बोर्ड तर नाहीच.

मग सिरियल केबल. माझ्या मते ज्याला कर्नलचं काम करायचं आहे त्याने सगळ्यात आधी ही वस्तू घ्यावी, पुस्तकाच्याही आधी. यूएसबीच्या टोकाची, दुसऱ्या बाजूला सुट्या तारा. बोर्डाची ६ क्रमांकाची पिन ग्राउंडला, ८ वरून बोर्ड बोलतो, १० वरून ऐकतो. म्हणून तारा उलटसुलट लावायच्या, बोर्डाचं बोलणं केबलच्या ऐकण्याला. ३.३ व्होल्टचीच केबल, पाचची लावली तर पिन जळते. दुसऱ्या टोकाला लॅपटॉपवर पिकोकॉम हा सिरियलवरचं बोलणं दाखवणारा प्रोग्राम, वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. आता बोर्डाने शेवटचा श्वास घेताना जे काही म्हटलं ते माझ्या लॅपटॉपच्या फाइलमध्ये उतरत होतं, बोर्ड मेला तरी. दोन दिवसांत लूप सापडला.

आणि मग केबलनेच नवं संकट आणलं. पाणी कुठेही असो, अंतराचा आकडा १२० सेंटीमीटरच्या खाली यायला तयार नाही. केबल लावायच्या आधी ८०, ९० असे आकडे येत होते. मी हिशेब कागदावर मांडला. या वेगाने सिरियलवरून सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात. वेळेच्या शिक्क्यासकट माझी एक ओळ साधारण ८० अक्षरांची, म्हणजे ७ मिलिसेकंद. आवाजाला एक सेंटीमीटर जाऊन यायला साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. ७ मिलिसेकंदाला ५८ मायक्रोसेकंदाने भागा: १२० सेंटीमीटर. ‘पिन वर गेली’ हा मेसेज मी मोजणीच्या ऐन मध्ये छापत होते. कर्नल तो सिरियलवर अक्षर-अक्षर करून पाठवत बसायचा, तोवर लहर येऊन गेलेली असायची. मी पाण्याची उंची मोजत नव्हते, माझ्या वाक्याची लांबी मोजत होते.

कन्सोलची पातळी ४ वर आणली, बाकी काहीही न बदलता. आकडा ८७ झाला. डीबगचे मेसेज बफरमध्ये जातच होते, तिथे लिहिणं झटपट होतं. वेळ खात होता तो कन्सोल. नंतर निवांतपणे डीमेसेज करून सगळं वाचलं. बोलणं आणि दाखवणं वेगळं ठेवण्यामागे किती विचार आहे, ते मला त्या कागदावरच्या भागाकाराने शिकवलं. जिथे बफरची किंमतही परवडत नाही तिथे ट्रेस-प्रिंटके आहे. त्याचे मेसेज या बफरमध्ये येतच नाहीत, ट्रेसिंगच्या वेगळ्या फाइलमध्ये जातात. ते वापरलेला कर्नल मोठी चौकट काढून जाहीर करतो की हा डीबगचा कर्नल आहे, खऱ्या कामाला लावू नका.

प्रिंटकेच्या या कन्सोलवर अडकण्याने माझ्यापेक्षा फार मोठ्या लोकांना फार मोठा काळ छळलं आहे. लिनक्सला काटेकोर वेळेचं बंधन पाळायला लावणारं प्रीएम्प्ट-आरटीचं काम सुमारे वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर चालू होतं. ते पूर्णपणे आत आलं सप्टेंबर २०२४ मध्ये, ६.१२ या आवृत्तीसाठी. शेवटचा मोठा अडथळा होता प्रिंटके. जॉन ऑग्नेस यांनी त्याचा बफर नव्याने लिहिला, तो ५.१० मध्ये आला, आणि मग कन्सोलची बाजू दुरुस्त करण्यात आणखी काही वर्षं गेली. एक ओळ छापणं ही इतकी अवघड गोष्ट असू शकते, हे वाचून मला माझ्या तीन रात्रींबद्दल बरं वाटलं.

नारळी पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला यंत्र मानशीवर बसवलं. मोरजीची मुलगी आणि तिचा भाऊ पाहायला आले होते. पाऊस तासभर थांबला होता. डबा खांबाला बांधलेला, त्यातून सिरियल केबल बाहेर काढून माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपला लावलेली, भाऊ छत्री धरून उभा. काका चिऱ्यावर टेकले होते, बॅटरी पाण्यावर. पाणी चढत गेलं. दहाच्या सुमारास दारं हलली, एकदा परत उघडली, आणि मग आवाज करून घट्ट मिटली.

मी पातळी तात्पुरती ८ केली होती. मोजून झाल्यावर छापायची एकच ओळ ठेवली होती, दर मिनिटाला एक. मुलगी वाकून पडद्याकडे बघत होती. ओळ आली: कंसात सुरुवातीपासूनचे सेकंद, मग ड्रायव्हरचं नाव, मग आकडा.

"त्रेचाळीस," तिने मोठ्याने वाचलं.

काकांनी पडद्याकडे पाहिलं नाही. बॅटरी खांबावर नेली. तिथे आजोबांनी कोयत्याने केलेल्या खाचा आहेत, आता शेवाळाने भरलेल्या. त्यांनी बोटाने वरची खाच चाचपली, पाण्यापर्यंतचं अंतर दोन बोटांनी मोजलं.

"बरोबर," म्हणाले. "परत वाच गो, पुढचं आलं की."